गजेंद्रकाकांचा लॅपटॉप

गावातल्या गजेंद्रकाकांनी आपल्या मुलाचा जुना लॅपटॉप माझ्या धाकट्या बहिणीला, महामायाला, अभ्यासासाठी दिला. तोही चार माणसांसमोर, फोटो काढून. घरी आणल्यावर कळले की बॅटरी फुगून निकामी झालेली आहे आणि अडॅप्टर भलत्याच यंत्राचा आहे. तिची ऑनलाइन परीक्षा तोंडावर आली होती. मेहकरच्या दुकानांत खेपा घालून मी दोन्ही नवे मिळवले. अखेर तो सुरू झाला, तेव्हा त्याच्या निळसर उजेडात तिचा चेहरा मला कितीतरी दिवसांनी निश्चिंत दिसला.

दुसऱ्याच दिवशी काका दारात उभे राहिले.

"चालू झाला म्हने बे! आन मंग इकडे, आमच्या पोराले पाह्यजे. तुमाले दुसरा पाहू एखांदा."

संतापाने माझे कान तापले. महामायाने मात्र सुरू असलेली सराव परीक्षा बंद केली, लॅपटॉप पालथा केला आणि खटका सरकवून नवी बॅटरी काढली. ती आणि अडॅप्टर तिने माझ्या हातात दिले, उरलेला लॅपटॉप काकांपुढे धरला.


"घ्या काका, जसा देल्ला होता तसाच घेऊन जा."