चपलांची राखण

दर मे महिन्यात सगळे तलावावर बोटिंगला उतरले, की इंदुताई कट्ट्यावर बसून त्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळायच्या. गुडघ्यांमुळे ते काम आपसूक त्यांच्याकडे आलं होतं. जानेवारीत दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, तरी यंदाही सगळ्यांनी चपला त्यांच्यासमोरच काढल्या.

मुलगा आणि सून एका पॅडलबोटीत बसले. कारंज्याला वळसा घालून जो आधी परतेल तो जिंकला, असं ठरलं. दुसऱ्या बोटीत नात ओवी एकटीच उरली, कारण पाणी बघून तिच्या आजोबांनी, म्हणजे अप्पांनी, ऐनवेळी अंग काढून घेतलं.

"एकटीला सोडता येणार नाही," बोटवाला म्हणाला. ओवीचा चेहरा पडला.

इंदुताईंनी पदर खोचला, चपला काढल्या आणि पिशव्या अप्पांच्या मांडीवर ठेवल्या.

"अगं, गुडघे!" अप्पा ओरडले.

"नवे कोरे आहेत. घरातल्या घरात फिरून कंटाळलेत बिचारे."

कारंज्यापाशी मुलाची बोट पुढे होती. "आजी, जोरात!" ओवी किंचाळली. इंदुताईंनी असे पॅडल मारले, की मागे पाणी उसळलं. त्यांची बोट धक्क्याला आधी टेकली, तेव्हा कट्ट्यावरच्या अनोळखी माणसांनीही टाळ्या वाजवल्या.

पिशव्या काखोटीला मारून अप्पा पायरीशी आले आणि वाकून त्यांनी बायकोच्या चपला नीट जोडून ठेवल्या.

इंदुताई उठल्याच नाहीत. "बाकीच्यांच्याही नीट सांभाळा," त्या म्हणाल्या, "आम्ही अजून एक फेरी मारून येतो."