दहावं कोडं

"दहावं चुकलं, बाबा." लेकीनं कागदावर फुली मारली. "आजही नऊच."

"हात्तिच्या!" म्हणत म्हाताऱ्यानं पुन्हा शेजाऱ्याच्या गजराच्या घड्याळात डोकं घातलं.

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या या माणसाला मेंदूचा झटका येऊन तीन महिने झाले होते. डॉक्टरीणबाईंनी कोड्यांचं जाडजूड पुस्तक दिलं होतं. रोज दहा सोडवायची, म्हणजे डोकं पुन्हा तल्लख होईल. दहापैकी दहा आली की त्यानं एकट्यानं राहायचं आणि लेकीनं आपल्या घरी परतायचं, असं ठरलं होतं. पहिल्याच महिन्यात गाडी चारवरून नऊवर आली. तिथे अडली ती अडलीच.

लेक पार थकली होती. सकाळी औषधं, दुपारी व्यायाम, संध्याकाळी कोडी. उकाडा असा की जीव नको व्हावा. लांब बाहीनं कपाळ टिपत तिनं पुस्तक मिटलं.

"कंटाळलीस ना?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"कंटाळून सांगते कुणाला? घरी परत जायला तर हवंच."

सातला फोन वाजला तशी तिनं बाही मनगटापर्यंत ओढली. नवरा होता.

"अजून नऊच? उद्या मी येतो, मीच कोडी विचारतो. बॅग भरून ठेव."

तिनं बॅग भरली.

दुसऱ्या दिवशी जावई बुटांसकट आत आला आणि खुर्चीत बसून त्यानं पुस्तकाचं पहिलंच पान उघडलं.

"बाबा, सोपं विचारतो. पाच बहिणी, प्रत्येकीला एकच भाऊ. भावंडं किती?"

"दहा."

"नीट विचार करा."

"मग अकरा?"

लेकीनं चमकून वर पाहिलं. हे कोडं तर बाबांनी अडीच महिन्यांपूर्वीच सोडवलं होतं. पुढचं चुकलं, त्याच्या पुढचंही. दहाव्याला तर म्हाताऱ्यानं जावयालाच विचारलं, "आपण कोण म्हणायचे?"

जावयानं पुस्तक आपटलं. "शून्य! डोकं साफ कामातून गेलंय यांचं. बस इथेच यांना सांभाळत. मला असली ब्याद घरात नको."

फाटक आदळल्याचा आवाज आला. लेकीनं कडी लावली आणि दाराला टेकून उभी राहिली. आता सगळं पुन्हा पहिल्यापासून.

म्हाताऱ्यानं घड्याळ कानाशी धरलं. टिकटिक सुरू झाली होती.

"सहा," तो म्हणाला.

"काय सहा?"

"भावंडं. एकच भाऊ सगळ्यांचा." मग न अडखळता त्यानं उरलेल्या नऊ कोड्यांची उत्तरं ओळीनं सांगितली आणि घड्याळ खाली ठेवलं. "तुझ्या लांब बाह्यांचं कोडं तेवढं पुस्तकात नव्हतं. पण ते मला सगळ्यात आधी सुटलं. दुमड त्या आता, किती उकडतंय."