त्याची एकच रेघ

"गालाला नको, हिरडीला फिरव," नवरा हसत म्हणाला. "वर एकदा, खाली एकदा. दात घासल्यासारखं काय करतेस?"

तिचा ताप महिनाभर हटत नव्हता. शेवटी नर्सबाईंनी एचआयव्हीची घरी करायची तपासणी हातात ठेवली. सुई नाही, रक्त नाही, नुसती काडी. शिलाई कारखान्यातून घरी येईपर्यंत तिला एकच धास्ती होती, नवरा घर डोक्यावर घेणार. तर त्यानेच नर्सबाईंकडे जाऊन दुसरी काडी आणली.

"दोघं करू. शंकाच नको."

काड्या नळ्यांत उभ्या राहिल्या. तेवढ्यात त्याच्या मोबाईलचा गजर वाजला. तो त्याने बंद केला.

"गोळी घे रे," सासू दारातून म्हणाली. "ॲसिडिटीशी खेळ नको. लग्नानंतर मधेच सोडलीस, तर वाळून काडी झाला होतास."

"हे होऊ दे, मग घेतो."

वीस मिनिटांनी त्याच्या काडीवर एक रेघ होती. तिच्या काडीवर दोन.

"एक म्हणजे काही नाही ना?" सासूने विचारलं. "आणि दोन?"

सासूने नातीला ओढून कडेवर घेतलं.

"मी कुठं जाते हो?" ती नवऱ्याला म्हणाली. "कारखाना आणि घर. तुम्हाला माहितीय."

"मी काही बोललो का?" तो हळूच म्हणाला. "आई, तूही नको बोलूस तिला."

त्याने एक कानाखाली दिली असती तरी तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा न्यायला आला. तो उंबऱ्याच्या आत आलाच नाही. खाली बघत त्याने एवढंच विचारलं, "कोण आहे तो?"

पाठच्या भावाने नाही, थोरल्याने विचारलं.

तिने बॅग भरली. पोरीचा फ्रॉक आत टाकला, तो सासूने बाहेर काढला. "पोरगी इथंच राहील. बाप धडधाकट आहे तिचा."

पोरगी रडायला लागली. नवरा तिला घेऊन आतल्या खोलीत गेला.

तेवढ्यात नर्सबाईंचा फोन आला.

"दोन आल्या?" बाई म्हणाल्या. "घाबरू नका. केंद्रात रक्त तपासून पक्कं करू, औषध चालू करू. चांगलं जगतात लोक. आणि मिस्टरांची?"

"एक. त्यांना काही नाही."

"बरं. एक विचारायचं राहिलंच बघा. एचआयव्हीची औषधं आधीपासून चालू असली, तर लागण असूनही या काडीवर कधीकधी एकच रेघ येते. ते रोज कसली गोळी घेतात का हो?"

आतल्या खोलीत गजर वाजला.