लंबूचे तीन गुण

बास्केटबॉलचा सामना संपला की प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण द्यायचे, हे वार्ताहराचं काम. आज लंबूला त्याने तीन दिले, वर शेराही मारला: ‘आळशी. डावीकडून चेंडू आला तर मान वळवायचेही कष्ट घेत नाही.’ जाब विचारायला तो खेळाडूंच्या खोलीत शिरला. बाकावर लंबू एकटाच धापा टाकत होता. दया येऊन वार्ताहराने डावीकडून पाण्याची बाटली पुढे केली. लंबू समोरच बघत राहिला. बाटली गालाला टेकली तेव्हा दचकला. वार्ताहराने त्याच्या डाव्या डोळ्यापुढे बोट हलवून पाहिलं. “कधीपासून?” “वर्ष झालं, काका. डावा डोळा गेला.” लंबूने त्याचं मनगट धरलं. “संघाला कळलं तर उद्याच घरी बसवतील.” “मग काय लिहू?” “आळशीच राहू द्या. हवं तर आणखी गुण कापा.” वार्ताहराने बाटली लंबूच्या उजवीकडे ठेवली आणि एक गुण कापला.