अकरा घरांची पुडकी

“मॅडम, बॅग तुम्ही स्वतः भरली आहे ना? कोणी न्यायला काही दिलेलं नाही ना?” विमानतळाच्या काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असतं, हे शिवमने मुंबईहून फोन करकरून आईकडून घोकून घेतलं होतं. नाही म्हणायचं आणि पुढे व्हायचं, एवढंच काम. पण रुख्मिणीबाईंच्या बॅगेत अकरा घरांची पुडकी होती. तिवशाजवळच्या त्यांच्या गावची आणखी अकरा पोरं मुंबईला कामाला. रुख्मिणीकाकू विमानाने चालल्या हे कळल्यावर अकराही आया पुडकी घेऊन दारात हजर झाल्या होत्या. आता कोणी काही दिलं नाही म्हणायचं, म्हणजे त्या अकराजणींना नाकारायचं. रुख्मिणीबाईंची जीभ काही वळेना.

“देल्लं ना वं माय,” त्या म्हणाल्या. “अर्ध्या गावानं देल्लं. माहं तं यात एक लुगडंच हाये.”

रांग हसली. मागचे कोटवाले गृहस्थ पुटपुटले, “हात दाखवून अवलक्षण!”

मुलगी हसली नाही. तिच्या कोटावर वर्षाली असं नाव होतं आणि तोंडात शाळेच्या पुस्तकातली मराठी. “मॅडम, आत काय आहे हे तुम्हाला माहीत नसेल, तर ती पुडकी इथेच ठेवावी लागतील.”

मुंबईच्या विमानतळावर पोरं घ्यायला येणार होती. त्यांच्यासमोर रिकाम्या हाताने कसं उभं राहायचं? आणि परतल्यावर त्यांच्या आयांना काय सांगायचं?

“मले माईत नसाले काय झालं?” त्यांनी पदर खोचला, तिथेच फरशीवर बैठक मारली आणि बॅगेची चेन ओढली. पुडक्यांची तोंडं सुईदोऱ्याने शिवलेली होती. पहिलं त्यांनी नाकाशी धरलं. “हे चंदाचं. जवसाची चटनी. मीठ जास्त टाकते थे. नवरा गरीब हाये म्हनून निभलं.”

वर्षालीने कात्रीने टाके उसवले. जवसाची चटणी. कोटवाल्यांनी बोटाला लावून चाखली आणि गंभीरपणे सांगितलं, “खारट आहे खरी.”

मग रांगेला उत्साह आला. दुसऱ्यात मुगवड्या निघाल्या, तिसऱ्यात वाळवलेली अंबाडी. रुख्मिणीबाई हुंगायच्या, घराचं नाव सांगायच्या, वर्षाली उसवायची. अकोल्याचे सरकीचे व्यापारी बशीरभाई खूश झाले. “मागच्या खेपेला माहं नेलकटर ठेवून घेतलं यायनं,” ते म्हणाले. “रेल्वेत बकरी घेऊन बसलो तं कोनी नाव इचारत नाही!”

“कडक आहेत तेच बरं,” कोटवाले म्हणाले. “उशीर झाला तरी चालेल, माणूस धड पोचला पाहिजे. बाई, पुढचं कोणाचं?”

पहिली आठही बरोबर आली. नववं नाकाशी नेलं आणि रुख्मिणीबाईंचा चेहरा उतरला. ते सुभद्राचं होतं, तिच्या कुलदीपसाठी. वरून डिंकाच्या लाडवांचा वास, पण खाली दुसरंही काही होतं, आणि ते विमानात चालत नाही हे शिवमने बजावलं होतं. नुसतं ‘लाडू’ म्हटलं असतं तर? पण आठदा खरं बोललेल्या तोंडाने नवव्यांदा खोटं कसं बोलायचं!

“लाडू हायेत. आन बुडाशी खोबऱ्याच्या वाट्या हायेत.”

“सुकं खोबरं पेट घेतं,” वर्षाली म्हणाली. तिचा आवाज जरा नरमला होता. “लाडू जातील. खोबरं नाही.”

“मंग वाया काहून जाऊ द्याचं? सुभद्राच्या हातचं हाये.” रुख्मिणीबाईंनी वाट्या फोडल्या आणि रांगेत वाटायला सुरुवात केली. बशीरभाईंनी दोन तुकडे घेतले. नियमांची बाजू घेणाऱ्या कोटवाल्यांनी तीन घेतले. विमानतळावर लग्नाच्या मांडवासारखी गडबड उडाली आणि ज्यांना उशीर होत होता तेही खोबरं चावत उभे राहिले.

दहावं बरोबर आलं. अकरावंही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुख्मिणीबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी दोन्ही हात जोडून सगळ्या रांगेला नमस्कार केला.

वर्षालीने एकेका पुडक्याचं तोंड चिकटपट्टीने बंद केलं, बॅगेला चिठ्ठी बांधली आणि बॅग पट्ट्यावर ठेवली. पट्टा सुरू करायचं बटण मात्र तिने दाबलं नाही. ती खाली वाकली आणि काउंटरच्या सगळ्यात खालच्या खणातून एक फडक्याचं पुडकं काढलं. त्याचंही तोंड शिवलेलं होतं. तिने सगळ्यांच्या देखत त्याचे टाके उसवले आणि फडकं काउंटरवर पसरलं. आत काडीवर वळलेले कणकेचे सरगुंडे होते, शेवयांसारखे, उन्हात चांगले वाळलेले.

रुख्मिणीबाईंनी काही न विचारता हात पुढे केला. आणि वर्षालीची पुस्तकातली मराठी एकाएकी कुठल्या कुठे पळाली.

“काकू, माह्या मायनं पाडव्याले देल्लं हे. भाऊ मुंबईले हाये. माय म्हन्ते, तुह्यासमोरून एवढी मानसं मुंबईले जातेत, दे कोनाच्याही हाती. आता ‘कोनी काही देल्लं काय’ असं सगळ्याइले इचारनारी मीच. मंग मी कोनाच्या हाती देऊ?”