नविनची गाडी घरी येते

झरीच्या चढणीखाली प्रविणने गाडी थांबवली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि कोणी हॉर्न वाजवायचा नाही म्हणून मागच्यांना खुणावलं. मागे त्यांच्या मित्र मंडळाच्या पिकअपांची रांग लागली होती. प्रविण चालवत होता ती गाडी मात्र त्याची नव्हती. नविनची होती, आणि नविन गेल्या महिन्यात तापाने गेला होता.

वर पाड्यावर नविनची बायको निर्मला अंगणात येऊन उभी राहिली. पडवीत तिची सासू बुधीबाई वाल सोलत बसली होती.

बुधीबाईला डोळ्यांनी फार कमी दिसतं. नविनला दवाखान्यातून ॲम्ब्युलन्सने आणलं, तेव्हा बायकांनी तिचा हात त्याच्या तोंडावर ठेवला. "थंड तोंड सगळ्यांचं सारखंच," म्हणाली आणि हात काढून घेतला. माझा पोऱ्या आपल्या गाडीने येतो, दुसऱ्याच्या गाडीने नाही, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून ती रडली नव्हती. संध्याकाळी त्याची भाकर झाकून ठेवायची आणि तो आल्यावर जेवीन म्हणत बसून राहायची. निर्मला बळेबळे थोडी पेज पाजायची, तेवढंच पोटात. म्हातारी दिवसेंदिवस वाळत चालली होती.

म्हणून निर्मलानेच प्रविणला सांगितलं होतं, "भाऊ, त्यांची गाडी एकदा वर आणा. आवाज ऐकून आये उठेल, गाडीपाशी जाईल. गाडी आली आणि ते नाही आले, हे तिच्या हाताला कळू दे. मग रडेल. रडली की जेवेल."

एवढंच काम होतं. पण ते सांगितलं कोणाला, तर डहाणू-तलासरी पिकअप मित्र मंडळाला! हे लोक आठवडाभर चिकू आणि गवत वाहणार, आणि सुट्टीच्या दिवशी आशागडला जमून एकमेकांची बॉनेटं उघडून बसणार. बायको खोकून बेजार झाली तरी ऐकू जायचं नाही, पण इंजिनाला जरा ठसका लागला की सगळे धावले. दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली की यांचा एक खेळ असे. रस्त्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि नुसत्या आवाजावरून गाडी कोणाची ते ओळखायचं. नविनची गाडी त्या खेळात घेतच नसत. चढणीला खोकणारी, गिअर बदलताना कण्हणारी, उताराला फटाका सोडणारी ती गाडी शेंबडं पोरही ओळखायचं.

आता मित्राची गाडी त्याच्या दारात न्यायची, ती अशी आजारी कशी न्यायची? मंडळाला ते पटेना. नोजल काढून साफ केले. सायलेन्सर नवा घातला, गिअरचं तेल बदललं. दारावरचा पोचा भरून रंग मारला, फाटक्या सीटला नवं कव्हर चढवलं, वर झेंडूचा हार. बागायतदारांचा जतीन, एरवी हाताला ग्रीस लागू न देणारा, गाडीखाली झोपून काम करत होता आणि तिथेच रडत होता. सगळे जीव ओतून राबले. करायला गेले एक.

प्रविणने गिअर टाकला आणि गाडी लोण्यासारखी वर निघाली.

अर्ध्या चढणीवर त्याला सुचलं, म्हातारी हा आवाज ओळखणार कशी? त्याने मुद्दाम वरचा गिअर टाकून तिला दमवून पाहिलं. गाडी थरथरली, पण खोकली नाही. पुन्हा खालच्या गिअरवर आणली, तेव्हाही कण्हली नाही. इतक्या छान चालणाऱ्या इंजिनाला त्याने आयुष्यात पहिल्यांदाच शिव्या घातल्या.

गाडी अंगणात आली. निर्मलाचा चेहरा पाहून प्रविणची खाली उतरायची हिंमत होईना.

"आये, गाडी आली," निर्मला म्हणाली.

"ऐकली ना." बुधीबाईने शेंग सोलली. "कोणाची गं? नवीन घेतलीय वाटतं."

"आपलीच आहे. त्यांची."

म्हातारी चक्क हसली. "मला शिकवतेस?"

निर्मलाने तिला हाताला धरून गाडीपाशी आणलं. बुधीबाईचा हात बॉनेटवरून फिरला, दारावरून फिरला, आत सीटवर गेला. नव्या कव्हरवरून बोटं घसरली. प्रविण खाली उतरून बाजूला उभा होता. कुठेतरी एखादा ओरखडा राहिला असेल, तो तिला सापडू दे, म्हणून तो तिच्या हाताकडे बघत राहिला. पण मंडळाने काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

बुधीबाईने हात पदराला पुसला.

"चांगली आहे हो तुझी गाडी, बाबा," ती म्हणाली. "हळू चालवत जा."

"आये, ही नविनची..." प्रविण म्हणाला. त्याला हुंदका आला आणि त्याने तोंड फिरवलं. निर्मला तर खालीच बसली.

मागे चढणीवर सगळ्या गाड्या चालू इंजिनाने उभ्या होत्या. बुधीबाईने मान वळवून तो आवाज ऐकला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"किती गाड्या आणल्या रे? सगळी वाट अडवलीत. बाजूला घ्या पाहू. माझा पोऱ्या यायची वेळ झाली."

प्रविण पुन्हा गाडीत बसला. खालून एकेक गाडी मागे सरकत कडेच्या गवतात उतरली, सगळ्यात शेवटी नविनची, आणि चढणीची वाट मोकळी झाली.