चाळीस मिनिटं

“‘उपजत मृत्यू’ लिहा, सिस्टर. मेलेलीच जन्मली म्हणून,” डॉक्टरसाहेब डब्यातली भेंडी चिवडत म्हणाले. “शुक्रवारी आपल्या केंद्राला शून्य बालमृत्यूचं बक्षीस आहे.”

“साहेब, चाळीस मिनिटं जगली पोर.”

“त्याला काय जगणं म्हणतात?”

आतून बाळंतिणीनं विचारलं, “रडली होती ना ती, ताई? का मलाच भास झाला?”

गेल्या वर्षी अशीच दोन बाळं मी नोंदीत मेलेली जन्माला घातली होती, वर बक्षिसाचा पेढाही खाल्ला होता.

“रडली गं. पार गेटापर्यंत ऐकू गेलं,” मी म्हटलं आणि मोबाइलवरच्या नोंदीत ‘जिवंत जन्म’ भरलं. पण नोंद पाठवायला रेंजच नव्हती.

“बघा, देवालाही नकोय,” साहेब हसले.

मी केंद्रामागच्या पाण्याच्या टाकीची शिडी चढायला लागले. वर रेंज येते.